घटक ६ : पर्यटन मार्गदर्शकाचे निवेदन

६.० उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर तुम्हाला
• मार्गदर्शकाच्या निवेदनाचे भाषिक स्वरूप सांगता येईल.
• नोंद, परंपरा आणि श्रद्धा यांवर आधारलेल्या विधानांतील फरक ओळखता येईल.
• प्रयोग, सर्वनाम आणि आज्ञार्थ यांची निवड अर्थावर कसा परिणाम करते, हे स्पष्ट करता येईल.
• आपल्या परिसरातील एका स्थळाचे निवेदन लिहिता येईल.

६.१ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, मागील घटकात आपण माहितीपत्रकाच्या लेखनाचा विचार केला. माहितीपत्रक वाचणाऱ्याला एखादे वाक्य कळले नाही, तर तो ते पुन्हा वाचू शकतो. मार्गदर्शकाचे बोलणे मात्र चालता चालता, उन्हावाऱ्यात, एकदाच ऐकले जाते. शिवाय ऐकणाऱ्याला ते पडताळून पाहण्याची सोय त्या क्षणी नसते. मार्गदर्शक सांगेल ते खरे मानून तो घरी जातो आणि तेच इतरांना सांगतो. म्हणून निवेदन ही केवळ वक्तृत्वाची बाब राहत नाही. तिच्यात जबाबदारी येते.

गोंदिया जिल्ह्यातील अनेकांचा या व्यवसायाशी निकटचा संबंध आहे. नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प, सालेकसा तालुक्यातील कचारगड व हाजरा धबधबा, अर्जुनी मोरगाव तालुक्यातील नवेगावबांधचा जलाशय अशा ठिकाणी पर्यटक येतात आणि स्थानिक तरुण-तरुणी त्यांना वाट दाखवतात. असे असूनही, या घटकातील मुख्य उदाहरण राज्याच्या दुसऱ्या टोकाचे, रत्नागिरीचे घेतले आहे. परिचित स्थळाविषयी ऐकताना आपण वक्त्याने न सांगितलेले मनातच भरून काढतो. जे स्थळ पाहिलेले नाही, त्याविषयी आपल्या हाती केवळ शब्द असतात. त्यामुळे शब्दांचे काम अधिक स्पष्ट दिसते. शेवटी आपण गोंदियाकडे परत येणार आहोत.

६.२ विषय-विवेचन

६.२.१ एका दिवसाची सहल : रत्नागिरी

रत्नागिरी शहराच्या एका दिवसाच्या सहलीत साधारणपणे दोन प्रमुख ठिकाणे असतात : सकाळी थिबा राजवाडा आणि दुपारनंतर रत्नदुर्ग. राजवाडा उंचावर असून तेथून भाट्ये खाडीचा परिसर दिसतो. रत्नदुर्ग समुद्रात शिरलेल्या भूभागावर उभा आहे. त्याच्या तीन बाजूंना पाणी आहे, आत भगवतीचे मंदिर आहे, आणि कड्यांच्या पायथ्याशी लाटा आदळतात. वाटेत लोकमान्य टिळकांचे जन्मस्थान व १९३१ साली उभे राहिलेले पतितपावन मंदिर पाहता येते.

राजवाड्यासमोर उभ्या असलेल्या मार्गदर्शकाचे पुढील निवेदन लक्षपूर्वक वाचा.

“आपण थिबा राजवाड्यासमोर उभे आहोत. थिबा हा ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा. १८८५ साली ब्रिटिशांनी युद्धात त्याचे राज्य घेतले आणि त्याला पदच्युत केले. पुढच्याच वर्षी त्यांनी त्याला कुटुंबासह रत्नागिरीत आणून ठेवले. हा वाडा बांधून झाला १९१० साली. म्हणजे राजा इथे राहायला आला, तेव्हा त्याला रत्नागिरीत येऊन चोवीस वर्षे झाली होती. सहा वर्षांनी, १९१६ मध्ये, तो वारला. त्याची समाधी याच शहरात आहे. आणखी एक गोष्ट लक्षात घ्या. दिल्लीचा शेवटचा बादशहा बहादूरशहा जफर याला ब्रिटिशांनी रंगूनला नेले होते. तो तिथेच वारला. दिल्लीचा बादशहा ब्रह्मदेशात आणि ब्रह्मदेशाचा राजा कोकणात! आता तुमच्या डाव्या हाताच्या दाराने आत चला.”

या निवेदनातील वाक्ये लहान आहेत. प्रत्येक वाक्यात शक्यतो एकच नवी गोष्ट सांगितली आहे. सन सांगून न थांबता दोन सनांमधील अंतर सांगितले आहे. कारण ‘१९१०’ हा आकडा ऐकणारा विसरतो, पण ‘चोवीस वर्षे’ त्याला जाणवतात. ‘डाव्या हाताच्या’ असे न म्हणता ‘तुमच्या डाव्या हाताच्या’ असे म्हटले आहे. मार्गदर्शक समूहाकडे तोंड करून उभा असतो. त्याची डावी बाजू ही श्रोत्यांची उजवी असते. हे सारे उपयुक्त आहे. परंतु या निवेदनातील सर्वांत महत्त्वाची निवड क्रियापदांची आहे.

६.२.२ क्रियापद आणि कर्ता

पुढील चार वाक्यांची तुलना करा.

(१) थिबा राजा रत्नागिरीत आला.
(२) थिबा राजाला रत्नागिरीत आणण्यात आले.
(३) ब्रिटिशांनी थिबा राजाला रत्नागिरीत आणले.
(४) ब्रिटिशांनी थिबा राजाला रत्नागिरीत आणून ठेवले.

चारही वाक्ये व्याकरणदृष्ट्या शुद्ध आहेत आणि चारही एकाच घटनेविषयी आहेत. पहिल्या वाक्यात राजा कर्ता आहे. जणू तो स्वेच्छेने, हवापालटासाठी आला. दुसऱ्या वाक्यात त्याच्यावर काही क्रिया घडली हे कळते, पण ती कोणी केली हे कळत नाही. ‘-ण्यात आले’ ही रचना शासकीय मराठीत विपुल आढळते, याचे एक कारण हेच की तिच्यात कर्ता सांगावा लागत नाही. तिसऱ्या वाक्यात कर्ता प्रकट होतो. चौथ्यात ‘आणून ठेवले’ या संयुक्त क्रियापदामुळे ती अवस्था कायम राहिली, हेही सूचित होते.

आता ‘राजवाडा’ हा शब्द पाहा. ज्याला राज्य नाही आणि शहर सोडून जाण्याची मुभा नाही, त्याच्या निवासाला आपण राजवाडा म्हणतो. नाव रूढ आहे. ते बदलण्याचे कारण नाही. पण मार्गदर्शकाने केवळ नक्षीकाम व दालने दाखवली आणि ‘राजा इथे थाटात राहत असे’ असे म्हटले, तर पर्यटक वास्तू पाहतो आणि नजरकैद त्याच्या नजरेतून सुटते. एका क्रियापदाच्या निवडीने इतिहास बदलत नाही; ऐकणाऱ्याच्या मनात उरणारा इतिहास मात्र बदलतो. राणी सुपयालत पतीच्या मृत्यूनंतर, १९१९ साली, ब्रह्मदेशात परतली. थोरल्या राजकन्येचा वंश मात्र रत्नागिरीतच वाढला. ज्यांच्याविषयी आपण चुरचुरीत किस्से सांगतो, त्यांचे नातेवाईक त्याच गर्दीत उभे असू शकतात, हे भान मार्गदर्शकाने ठेवावे.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न – १
(अ) ‘अभयारण्यातील गाव उठले’ आणि ‘अभयारण्यातील गाव उठवले’ या वाक्यांत अर्थाचा कोणता फरक आहे?
(आ) ‘-ण्यात आले’ या रचनेत कोणता घटक अनुक्त राहू शकतो?

६.२.३ विधानाचा आधार

मार्गदर्शकाच्या निवेदनातील विधानांचे आधार सारखे नसतात. अभ्यासाच्या सोयीसाठी त्यांचे चार प्रकार करता येतील.

• प्रत्यक्षाचे विधान : श्रोत्याला तेथेच पाहता येते. उदा. ‘गडाच्या तीन बाजूंना समुद्र आहे.’
• नोंदीचे विधान : कागदपत्र किंवा शिलालेखाचा आधार असतो. उदा. ‘थिबा १९१६ साली वारला.’
• परंपरेचे विधान : लोक पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलेले असतात. उदा. ‘नवेगावचा बांध कोलू पाटील कोहळी यांनी बांधला, असे सांगितले जाते.’
• श्रद्धेचे विधान : एखाद्या समाजाच्या धर्मभावनेशी निगडित असते.

मराठीत विधानाचा आधार दाखवणारी साधने आहेत. ‘असे सांगितले जाते’, ‘नोंद आहे’, ‘समजूत आहे’, ‘श्रद्धा आहे’ ही त्यांतील काही. ‘म्हणे’ हा अव्ययासारखा वापरला जाणारा शब्दही त्यांपैकीच आहे. ‘तो आला’ आणि ‘तो आला म्हणे’ यांत घटना एकच आहे. दुसऱ्या वाक्यात वक्ता ती ऐकीव असल्याचे सांगतो. पण ‘म्हणे’ला आणखी एक छटा आहे. त्यातून अविश्वास, क्वचित उपहासही व्यक्त होतो : ‘हा म्हणे मोठा विद्वान!’ म्हणून परंपरा सांगताना ‘म्हणे’ जपून वापरावे आणि श्रद्धा सांगताना टाळावे.

कचारगडचे उदाहरण घेऊ. दरेकसा परिसरातील या गुहा गोंड समाजाचे मोठे श्रद्धास्थान आहेत. माघ पौर्णिमेला येथे यात्रा भरते आणि अनेक राज्यांतून भाविक येतात. गुहेत कोंडलेल्या मुलांची पारी कुपार लिंगो आणि जंगो यांनी सुटका केली, अशी कथा कोया पुनेमच्या परंपरेत सांगितली जाते. ‘इथे लिंगो आला होता म्हणे’ हे वाक्य उच्चारताच भाविकाची श्रद्धा ऐकीव गप्पेच्या पातळीवर येते. याउलट ‘गोंड समाजाची अशी श्रद्धा आहे की...’ असे म्हटल्यास मार्गदर्शक स्वतः काही दावा करत नाही आणि कोणाचा अवमानही करत नाही.

याच गुहेविषयी ‘आशियातील सर्वांत मोठी नैसर्गिक गुहा’ असे विधान अनेकदा केले जाते. असे विधान मोजमापावर अवलंबून असते. कोणी, केव्हा आणि कशाशी तुलना करून मोजले, हे हाती नसेल, तर ते नोंदीचे विधान म्हणून सांगू नये. गुहेच्या तोंडाशी उभ्या असलेल्या माणसाला तिची भव्यता प्रत्यक्ष दिसत असते. तिला क्रमांकाची गरज नाही.

६.२.४ ‘आपण’ आणि ‘आम्ही’

प्रथम पुरुषी अनेकवचनासाठी मराठीत दोन सर्वनामे आहेत. ‘आपण’मध्ये श्रोत्याचा समावेश होतो, ‘आम्ही’मध्ये होत नाही. हिंदीतील ‘हम’ दोन्ही अर्थांनी चालतो. गोंदिया जिल्हा मध्य प्रदेश व छत्तीसगड यांच्या सीमेवर असून तेथे मराठीबरोबर हिंदी, पोवारी, गोंडी अशा भाषा-बोलींचा नित्य व्यवहार आहे. त्यामुळे मराठीत निवेदन करताना हा भेद निसटण्याची शक्यता असते.

‘आपण आता गुहेकडे निघू’ येथे ‘आपण’ योग्य आहे, कारण चालणारे सर्व आहेत. ‘आम्ही इथे पादत्राणे घालत नाही’ असे गोंड मार्गदर्शक म्हणतो, तेव्हा ‘आम्ही’ म्हणजे त्याचा समाज. त्याने ‘आपण इथे पादत्राणे काढू या’ असे म्हटले, तर तोच नियम पाहुण्यांसाठी निमंत्रण होतो. बाहेरून आलेल्या मार्गदर्शकाने मात्र त्या देवस्थानाविषयी ‘आमची परंपरा’ म्हणू नये. गोठणगावची तिबेटी वसाहत दाखवतानाही हेच लागू होते. तेथील माणसे आपली कथा ‘आम्ही’ म्हणून सांगू शकतात. मार्गदर्शकाने ‘ते’ आदराने वापरावे. रत्नागिरीचा राजा ‘हद्दपार’ होता, हे लोक ‘निर्वासित’ आहेत. पहिल्याला सक्तीने दूर नेले, दुसऱ्यांना आश्रय शोधावा लागला. हे शब्द परस्परांच्या जागी वापरता येत नाहीत.

६.२.५ कड्यावरील भाषा

दुपारनंतर समूह रत्नदुर्गाच्या कड्याजवळ येतो. वारा असतो, लाटांचा आवाज असतो आणि प्रत्येकाला छायाचित्र हवे असते. येथे निवेदनाचे स्वरूप बदलले पाहिजे. पुढील दोन सूचना पाहा.

(१) कड्याच्या अगदी टोकापर्यंत जाणे सुरक्षिततेच्या दृष्टीने टाळणे योग्य ठरेल.
(२) थांबा. या दगडाच्या पुढे जाऊ नका. कड्याची माती सुटते.

पहिली सूचना सभ्य आहे, पण तिच्यातील मुख्य शब्द शेवटी येतो. तोवर माणूस दोन पावले पुढे गेलेला असतो. दुसऱ्या सूचनेत आधी कृती, नंतर मर्यादा आणि अखेरीस कारण येते. ‘या दगडाच्या पुढे’ ही खूण डोळ्यांना दिसणारी आहे. ‘अगदी टोकापर्यंत’ ही प्रत्येकाची वेगळी असू शकते. ‘जाऊ नये’ हा सर्वसाधारण नियम आहे, तर ‘जाऊ नका’ हे समोरच्या व्यक्तीला उद्देशून आहे. ‘नका’ हे आदरार्थी बहुवचन आहे. त्यामुळे थेट बोलूनही अनादर होत नाही. फलकावर ‘जाऊ नये’ चालेल. प्रत्यक्ष बोलताना ‘जाऊ नका’ हवे. पावसाळ्यात हाजरा धबधब्याच्या ओल्या खडकांवर हाच नियम पाळावा.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न – २
(अ) ‘पर्यटकांनी शेवाळलेल्या खडकांवर चढण्याचा मोह आवरावा’ ही सूचना प्रत्यक्ष बोलण्यासाठी पुन्हा लिहा.
(आ) श्रद्धेच्या विधानात ‘म्हणे’ का टाळावे?

६.३ सारांश

मार्गदर्शकाचे निवेदन एकदाच ऐकले जाते आणि विश्वासाने स्वीकारले जाते. म्हणून त्यातील वाक्ये लहान व दिशा श्रोत्याच्या बाजूने सांगितलेली असावीत. क्रियापदाच्या निवडीत कर्ता लपू नये. प्रत्यक्ष, नोंद, परंपरा आणि श्रद्धा यांचा आधार भाषेतून दिसावा. ‘आपण’ व ‘आम्ही’ यांतील भेद जपावा. धोक्याच्या ठिकाणी आज्ञार्थ थेट व संक्षिप्त असावा.

६.४ पारिभाषिक शब्द

अनुक्त कर्ता : वाक्यात न सांगितलेला कर्ता.
समावेशक सर्वनाम : श्रोत्याला सामावून घेणारे प्रथम पुरुषी सर्वनाम, उदा. आपण.
व्यावर्तक सर्वनाम : श्रोत्याला वगळणारे प्रथम पुरुषी सर्वनाम, उदा. आम्ही.

६.५ स्वयं-अध्ययन प्रश्नांची उत्तरे

प्रश्न १ : (अ) ‘उठले’ या अकर्मक क्रियापदामुळे गाव आपणहून हलल्यासारखे वाटते, ‘उठवले’ या प्रयोजक रूपामुळे हलवणारा कोणी आहे हे कळते. (आ) कर्ता.
प्रश्न २ : (अ) ‘थांबा. या खडकावर चढू नका. शेवाळ आहे, पाय घसरेल.’ (आ) ‘म्हणे’मधून अविश्वास किंवा उपहास सूचित होऊ शकतो.

६.६ सरावासाठी स्वाध्याय

१. ‘क्रियापदाची निवड आणि इतिहासकथन’ यावर सोदाहरण टिपण लिहा.
२. तुमच्या तालुक्यातील एका स्थळाविषयी प्रचलित असलेली दहा विधाने जमवा आणि त्यांचे वरील चार प्रकारांत वर्गीकरण करा.

६.७ क्षेत्रीय कार्य

नवेगावबांध, कचारगड किंवा तुमच्या जवळच्या कोणत्याही स्थळाचे पाच मिनिटांचे निवेदन लिहा. ते प्रथम घरातील अशा व्यक्तीला मोठ्याने वाचून दाखवा, जिने ते स्थळ पाहिलेले नाही. मग तिला ऐकलेले आठवेल तसे सांगायला सांगा. तिच्या सांगण्यात ‘असे सांगितले जाते’ गळून परंपरेचे विधान पक्के सत्य झाले असेल, किंवा कर्ता नाहीसा झाला असेल, तर तुमच्या मूळ वाक्याकडे पुन्हा पाहा व ते बदला. दोन्ही मसुदे संपर्कसत्राच्या वेळी सोबत आणावेत.