संकासूर दरवर्षी येतो

रत्नागिरीत बसून मी वीस वर्षं कथा लिहितोय. छापल्या गेल्या त्यांपेक्षा परत आल्या त्याच जास्त. पण शिकवलं ते परत आलेल्यांनीच.

१. ओळखीचं माणूस आधी कुणाचं, ते बघावं.
माझ्या पहिल्या कथेत पडवीत बसून जगाला टोमणे मारणारा म्हातारा होता. एका संपादकांनी ती परत धाडली, सोबत एकच ओळ : ‘अंतूशेट बरे आहेत ना?’ मी नक्कल केली नव्हती. आमच्या आळीत तसे दोघे-तिघे खरोखरच होते. पण १९६२ साली पु. ल. देशपांड्यांचं ‘व्यक्ती आणि वल्ली’ आलं, त्यातले रत्नागिरीचे अंतूशेट घरोघरी पोचले, आणि शेजारच्या म्हाताऱ्यालाही मी पुलंच्याच कानांनी ऐकायला लागलो होतो.

२. उसना घ्यायचाच तर कान घ्यावा.
पुलंची सासुरवाड रत्नागिरी. जावई नव्याने ऐकतो. आम्ही गाववाले ऐकणं कधीच सोडलेलं असतं. मग मी सकाळी मिरकरवाडा बंदरावर जाऊ लागलो. तिथे भाव पटला नाही तर बाई टोमणा मारत बसत नाही, पदर झटकून पुढच्या टोपलीकडे जाते. हे कोणत्याच पुस्तकातून माझ्याकडे आलं नव्हतं.

३. गोष्ट जुनी चालते, तपशील मोघम चालत नाही.
गावाशी वाकडं घेणारा तरुण ही काही नवी गोष्ट नाही. श्री. ना. पेंडशांनी १९५२ साली ‘गारंबीचा बापू’त तीच सांगितली. पण पेंडसे दापोली तालुक्यातल्या मुर्डीचे. तिथली माती आणि बोली त्यांच्या अंगातच होती. माझा आंबा बागायतदार मात्र नुसताच कर्जात बुडत होता. मोहोरावरचा तुडतुडा, औषधाची उधारी आणि वाशीच्या दलालाची पट्टी कथेत आली, तेव्हा कुठे तो खरा बुडाला.

४. नाव घेतलं तरी घर आपलं बांधावं.
‘तुंबाडचे खोत’ (१९८७) ही पेंडशांची जगबुडीकाठच्या खोत घराण्याची पिढ्यान्‌पिढ्यांची कहाणी. २०१८च्या ‘तुंबाड’ चित्रपटाने नाव तिथून उचललं आणि हस्तर या देवाच्या हव्यासाची भयकथा उभी केली. एकातून दुसऱ्याची आठवणसुद्धा होत नाही.

५. साचा मोडण्याआधी नमन बघावं.
एकदा मी हट्टाने ना आगा ना पिछा अशी कथा लिहिली. आईने वाचली आणि विचारलं, “मग पुढे काय झालं?” त्याच शिमग्यात वाडीतलं नमन, म्हणजे आमच्याकडचं लोकनाट्य, बघायला बसलो. गण झाला, गौळण झाली, काळ्या अंगरख्यातला, उंच टोपीचा संकासूर आला. तो येणार हे पोरासोरांनाही ठाऊक होतं. पण त्या वर्षी तो आल्या आल्या आमच्या उखडलेल्या रस्त्यावर अडखळून पडला, आणि अख्खं अंगण हसलं. दर वर्षी सरळ चालत येणारा माणूस होता, म्हणून तर त्याचं पडणं दिसलं.

६. परत आलेली कथा फाडू नये.
पडवीतला तो म्हातारा मी पुन्हा लिहिला. आता तो टोमणे मारत नाही. मांडीवर दलालाची पट्टी घेऊन तीच बेरीज पुनःपुन्हा करतो. कथा त्याच संपादकांकडे धाडलीय. अजून तरी परत आलेली नाही.