प्राणिशिल्पाचे रंगकाम आणि धर्मार्थ लिलाव
(इयत्ता 5 वी ते 7 वी : चित्रकला, हस्तव्यवसाय व गणित यांचा समवाय)

प्रास्ताविक

पोळ्याच्या दिवशी शेतकरी बैलाला प्रथम नदीवर नेऊन धुतो, त्याचे अंग कोरडे होऊ देतो, आणि मगच शिंगांना हिंगूळ व अंगावर गेरूचे ठिपके लावतो. ठिपका कोठे उठून दिसेल, वशिंडाच्या उताराबरोबर रेघ कशी वळवावी, हे त्याला कोणी शिकविलेले नसते. आपल्या विद्यार्थ्यांच्या घरी असलेले हे ज्ञान वर्गात आणावे व त्याला परोपकाराची जोड द्यावी, या हेतूने हा पाठ सुचविला आहे.

हेतू : (1) सपाट कागदावरील चित्र व गोलाईवरील चित्र यांतील भेद विद्यार्थ्यांच्या ध्यानात आणून देणे. (2) प्रमाण व क्षेत्रफळ यांचा प्रत्यक्ष उपयोग करविणे. (3) स्वतः निर्मिलेली वस्तू दुसऱ्याच्या उपयोगासाठी देऊन टाकण्याचा संस्कार घडविणे.

शिक्षकांसाठी माहिती

प्रत्यक्ष आकाराची प्राणिशिल्पे कलावंतांकडून रंगवून घ्यावीत व ती शहराच्या रस्त्यांवर मांडावीत, हा उपक्रम स्वित्झर्लंडमधील झुरिक शहरात 1998 साली झाला. तेथे गाई होत्या. उभी, चरणारी व बसलेली अशा तीन साच्यांतून त्या काढलेल्या होत्या. पुढील वर्षी अमेरिकेतील शिकागो शहराने तोच उपक्रम उचलला. या शहराचा गुरांशी जुना संबंध आहे, कारण 1865 पासून 1971 पर्यंत तेथे गुरांचा प्रचंड बाजार चालत असे. तीनशेहून अधिक गाई रस्त्यांवर उभ्या राहिल्या, आणि प्रदर्शन संपल्यावर त्यांचा लिलाव होऊन लोकोपयोगी संस्थांसाठी सुमारे 35 लक्ष डॉलर जमले.

दुसरे उदाहरण मुलांच्या मनाला अधिक भिडेल. 2006 साली थायलंड व म्यानमार यांच्या सरहद्दीजवळ मोशा नावाच्या हत्तीच्या पिलाचा पाय पुरलेल्या सुरुंगावर पडला व ते पिलू एका पायाला मुकले. थायलंडमधील लांपांग येथील हत्तींच्या रुग्णालयात तिला कृत्रिम पाय बसविण्यात आला. पिलू वाढते, त्याचे वजन वाढते, म्हणून तो पाय वेळोवेळी नवा करावा लागतो. म्हणजे मदतही एकदा देऊन भागत नाही. या घटनेने प्रेरित होऊन 2007 साली नेदरलंड्समधील रॉटरडॅम येथे हत्तीच्या पिलांच्या रंगविलेल्या शिल्पांचे प्रदर्शन भरले. पुढे ते अनेक देशांत गेले. 2018 मध्ये अशीच 101 शिल्पे मुंबईकरांनीही पाहिली. त्या संख्येमागे अर्थ होता. भारतात हत्तींच्या जाण्यायेण्याच्या 101 वाटांची नोंद 2017 मध्ये प्रसिद्ध झाली होती. केंद्र शासनाच्या 2023 च्या अहवालात ही संख्या 150 आहे.

कृती

वरील शिल्पे फायबरग्लासची असतात. साच्यातून शिल्प सुटे व्हावे म्हणून साच्यास आतून मेण लावतात. ते शिल्पावर राहिले तर रंग धरत नाही. यास्तव शिल्प प्रथम साबणाच्या पाण्याने धुतात, ओल्या काचकागदाने घासतात, खाचा लांबीने बुजवितात, अस्तराचा हात देतात, त्यावर अॅक्रिलिक रंगाचे पातळ हात चढवितात व शेवटी ऊनपावसापासून रक्षणार्थ पारदर्शक रोगण देतात. फायबरग्लासची धूळ श्वसनास व त्वचेस अपायकारक असल्याने ते घासण्याचे काम मुलांकडे देऊ नये.

आपल्या शाळेत कागदाचे वासरू करावे. बांबूच्या कामट्यांचा सांगाडा सुतळीने बांधावा, त्यावर रद्दी कागदाचे पट्टे पिठाच्या खळीने आडवेउभे चिकटवावेत. सात-आठ थर पुरेत, परंतु प्रत्येक दोन थरांनंतर वासरू पूर्ण वाळू द्यावे. नंतर पांढऱ्या रंगाचे अस्तर देऊन नक्षी आखावी. हे वासरू पावसात टिकणारे नव्हे. ते छपराखालीच ठेवावे.

नक्षी निवडताना मुलांना प्राण्याकडे पाहण्यास सांगावे. पोटाचा फुगवटा मोठ्या आकृतीस योग्य, तर पायांवर उभ्या वेली शोभतात. डोळ्यांभोवती मात्र फार गर्दी करू नये. कागदावरील सरळ रेघ फुगवट्यावर वाकडी दिसते हा अनुभव मुलांना प्रथम येऊ द्यावा, उपाय नंतर सांगावा.

एक अनुभव

प्रस्तुत लेखकाच्या वर्गाने केलेल्या वासराची एक हकीकत येथे नमूद करणे अवश्य वाटते. थर ओले असतानाच रंग देण्याची घाई झाली. घाई अर्थातच माझी होती. आठव्या दिवशी पोटावर फोड उठले व रंगाचे पापुद्रे सुटले. लिलाव तीन दिवसांवर होता. मी रात्री एकट्याने बसून पोटाचा भाग पुन्हा रंगविला. माझी रेघ अर्थातच अधिक सफाईदार होती. सकाळी मुले आली, वासराभोवती फिरली, आणि एक मुलगी हळूच म्हणाली, "गुरुजी, हे आमचं वासरू नव्हे."

तिचे म्हणणे खरे होते. लिलावाची तारीख पुढे ढकलली. कारण ग्रामस्थांना सांगताना संकोच वाटला, परंतु सांगितले. मुलांनी तो भाग खरवडून, वाळवून, आपल्या हाताने पुन्हा रंगविला. शिक्षकाने हात धरावा, हातचे काम काढून घेऊ नये, हा धडा त्या वासराने मला दिला.

गणिताशी समवाय

(1) कागदावर 1 सेंमी. चे चौरस व वासरावर 10 सेंमी. चे चौरस आखून चित्र उतरवावे. प्रमाण 1 : 10 होय. कागदावरील 4 चौ.सेंमी. ची आकृती वासरावर 400 चौ.सेंमी. जागा व्यापते. लांबी दहापट होते, तर क्षेत्रफळ शंभरपट का होते, हे मुलांनी चौरस मोजून ठरवावे.

(2) धडाची लांबी 80 सेंमी. व घेर 110 सेंमी. असल्यास, धड नळकांड्यासारखे मानून, वक्रपृष्ठफळ 80 × 110 = 8800 चौ.सेंमी. येईल. एका पुठ्ठ्यावर 1000 चौ.सेंमी. जागेस किती रंग लागतो ते मोजावे. समजा 12 मिलिलिटर लागला, तर दोन हातांस 8.8 × 12 × 2 = 211.2 मिलिलिटर रंग लागेल.

लिलाव

लिलावापूर्वी तीन गोष्टी फळ्यावर लिहाव्यात : रक्कम कोणास द्यावयाची, साहित्यास खर्च किती आला, आणि प्रारंभीची बोली किती. रक्कम कोणास द्यावी हे मुलांनी चर्चेने ठरवावे. वाचनालयातील पुस्तके, गावातील एखाद्या रुग्णाचा औषधोपचार किंवा जनावरांचा दवाखाना, यांपैकी जे कारण गावास पटेल ते घ्यावे. मात्र रुग्णाचे नाव त्याच्या संमतीवाचून उच्चारू नये. बोली एका विद्यार्थ्याने पुकारावी, दुसऱ्याने लिहावी. "एक वार, दोन वार, तीन वार" झाल्यावर पावती द्यावी व जमाखर्च दुसऱ्याच दिवशी सूचनाफलकावर लावावा. दान देणाऱ्याचा विश्वास हिशेबाच्या कागदावर टिकतो.

वासरू गाडीत चढताना काही मुलांचे डोळे भरून येतील. त्यांना गप्प करू नये. जे देताना काहीच वाटत नाही ते केवळ टाकून दिलेले असते, हे त्यांना त्या क्षणी जितके कळेल तितके कोणत्याही पाठ्यपुस्तकाने कळणार नाही.

स्वाध्याय

1. साच्यातून काढलेले शिल्प रंगविण्यापूर्वी का धुतात?
2. 1 : 10 प्रमाणात कागदावरील 7 चौ.सेंमी. ची आकृती वासरावर किती जागा व्यापेल?
3. मोशाचा कृत्रिम पाय वेळोवेळी का बदलावा लागतो?
4. आपल्या गावासाठी कोणत्या प्राण्याचे शिल्प कराल व का, हे दहा ओळींत लिहा.