बागेतून रानात शिरलेली घाणेरी

रत्नागिरीहून गणपतीपुळ्याकडे जाणारा सागरी मार्ग आरे-वारे येथे डोंगरउताराला बिलगून जातो. एका बाजूस समुद्र, तर दुसऱ्या बाजूस जांभ्या दगडाचे उतार. कोकणातील अशा उतारांवर, रस्त्यांच्या कडेला व पडीक वरकस जमिनीत पिवळ्या, नारिंगी, गुलाबी फुलांचे गुच्छ मिरविणारे एक काटेरी झुडूप सर्रास आढळते. तेच घाणेरी अथवा टणटणी होय.

ही वनस्पती मूळची अमेरिका खंडाच्या उष्ण प्रदेशातील. १८०९ च्या सुमारास शोभेचे झुडूप म्हणून ती कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानात आणली गेली. पुढे बागांतून व कुंपणांतून ती देशभर पसरली. तिची पिकलेली काळी फळे बुलबुलासारखे पक्षी आवडीने खातात आणि विष्ठेवाटे बिया दूरवर टाकतात. झुडूप तोडले तरी बुंध्याला पुन्हा धुमारे फुटतात.

घाणेरीच्या दाट जाळीखाली गवत वाढत नाही. करवंद, तोरण यांसारख्या स्थानिक झुडपांची रोपे दबून जातात. चाऱ्याअभावी गुरांनी तिचा पाला खाल्ल्यास विषबाधा होऊन यकृत बिघडते. उन्हाळ्यात तिच्या वाळलेल्या काटक्या वणव्याला इंधन पुरवितात आणि त्याची झळ आंबा-काजूच्या बागांनाही पोहोचू शकते.

परदेशी वनस्पती म्हणजे अपायकारकच, असे मात्र नव्हे. पोर्तुगीजांनी ब्राझीलमधून आणलेला काजू आज कोकणच्या अर्थव्यवस्थेचा आधार आहे. प्रश्न उद्भवतो तो वनस्पती मानवी नियंत्रणाबाहेर जाऊन स्थानिक वनस्पतींची जागा बळकावू लागते तेव्हा.

१९४१ मध्ये घाणेरीच्या पानांतील रस शोषणारा एक कीटक ऑस्ट्रेलियातून भारतात आणण्यात आला. परंतु त्यामुळे तिचा पुरता बंदोबस्त झाला नाही. त्यापेक्षा खात्रीचा उपाय साधा आहे. कुदळीने माती सारून मुख्य मूळ जमिनीखाली तीन ते पाच सेंटिमीटरवर तोडावे व झुडूप उलटे करून ठेवावे, म्हणजे ते पुन्हा रुजत नाही. हे काम फळे पिकण्यापूर्वी करावे. पावसाळ्यात उगवणारी नवी रोपे ओल्या मातीतून हातानेही उपटता येतात. मोकळ्या झालेल्या जागी गवत व स्थानिक झाडे लावून पुढील काही वर्षे देखरेख ठेवावी. अन्यथा आसपासच्या जाळ्यांतून पक्षी पुन्हा बी आणतात. म्हणूनच एका बागाईतदाराचे श्रम पुरे पडत नाहीत. शेजारच्या जमीनधारकांनी व ग्रामपंचायतींनी हे काम एकाच हंगामात मिळून केले, तरच ते टिकाऊ ठरेल.