विलीनीकरणाआधी टॉवर का थांबतात?

प्रश्न : दोन मोबाइल कंपन्या एकत्र येणार म्हटलं की नवे टॉवर उभारणं मंदावतं. हे मुद्दाम होतं का?

उत्तर : बहुतेकदा हो, आणि त्यामागे साधा हिशेब असतो. व्होडाफोन-आयडियाचंच पाहा. विलीनीकरण जाहीर झालं 20 मार्च 2017 रोजी, पूर्ण झालं 31 ऑगस्ट 2018 रोजी. दोघांच्या एकत्र येण्यातून सुमारे 67,000 कोटी रुपयांचा फायदा अपेक्षित होता. तो मुख्यतः दुहेरी यंत्रणा कमी करून. एकाच गच्चीवर दोघांचे अँटेना असतील, तर उद्या त्यातला एक उतरवायचा. मग आज तिथे नवी उपकरणं कोण बसवेल? शिवाय जिओच्या दरयुद्धाने तिजोरीही आटली होती. व्यवहार पूर्ण होईपर्यंत दोघांनी प्रतिस्पर्धी म्हणूनच वागायचं असतं. त्यामुळे कोणता टॉवर कोणी ठेवायचा, हे आधी अंमलात आणता येत नाही.

माझ्या मते यात ग्राहकावर अन्याय होतो : मधल्या काळातही तो पूर्ण पैसे भरतो.

तेव्हा वाट पाहत बसू नका. घरात, जिन्यात, कामाच्या ठिकाणी शेजाऱ्याच्या दुसऱ्या कंपनीच्या फोनवर रेंज तपासा. ती चांगली असेल तर 1900 वर ‘पोर्ट’चा एसएमएस पाठवा, नंबर तोच राहतो.