आईन्स्टाइनचा बेरीज-संकेत : बाजाराच्या यादीतून



कॉलेजात फिजिक्स घेतलेली मुलं टेन्सरच्या पहिल्याच पानावर अडखळतात. "सर, बेरीज करा म्हणतात, पण सिग्मा कुठे दिसतच नाही!" प्रश्न रास्त आहे. उत्तर बाजाराच्या यादीत सापडतं.

समजा, ३ टॉवेल, २ चादरी आणि ४ अभ्रे घ्यायचेत. दर धरू ८०, २५० आणि ५० रुपये. बिल किती? २४० + ५०० + २०० = ९४०.

नगाला 'न' आणि दराला 'द' म्हणू. मग,

बिल = न(१)द(१) + न(२)द(२) + न(३)द(३)

हेच थोडक्यात न(क)द(क). 'क' हा इंडेक्स. पुस्तकात तो अक्षराच्या खाली किंवा वर बारीक छापतात. वर असला तर तो घातांक नव्हे, हे मुलांना आधीच सांगा.

बेरजेचा इंडेक्स एका पदात दोनदा येतो, मग सिग्मा लिहायचा कशाला? आईन्स्टाइनने १९१६ च्या सापेक्षतेवरील लेखात हा संकेत वापरला. तिथे चार मिती, म्हणून अंतराच्या एका सूत्रात ४ × ४ = १६ पदं! ती सगळी एका ओळीत मावली.

नियम तीनच :

१. इंडेक्स दोनदा आला की बेरीज. त्याचं नाव बदललं तरी चालतं; न(ख)द(ख) म्हणजे तेच ९४०.

२. एकदाच आला तर तो मोकळा. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर अशा तीन बाजारांचे दर घ्या : ब(ज) = द(ज,क) न(क). 'ज' दोन्ही बाजूंना हवाच. एका ओळीत तीन बिलं!

३. तीनदा किंवा चारदा आला तर लिहिण्यातच चूक.

तिसऱ्या नियमाकडे मुलं दुर्लक्ष करतात, आणि मार्क तिथेच जातात. बिलाचा वर्ग हवा असेल तर न(क)द(क)न(क)द(क) लिहू नका; दुसऱ्या जोडीला 'ख' द्या. पहिल्या लिखाणातून कुणी २४०, ५००, २०० यांच्या वर्गांची बेरीज करील : ३,४७,६००. खरं उत्तर ९४० चा वर्ग, म्हणजे ८,८३,६००.

कोल्हापुरात जन्मलेल्या डॉ. जयंत नारळीकरांचं सापेक्षतेतलं कामही याच भाषेत आहे. तेव्हा मुलांना चिन्हांची भीती घालू नका. आधी यादी लिहून घ्या, बेरीज पूर्ण मांडायला लावा, मगच सिग्मा पुसा. करून पाहा आणि वर्गात काय झालं ते जरूर कळवा.