तू खाली उतरला होतास का?

चि. भाऊ यास,



फोनच करणार होते. पण फोनवर तू नुसतं 'हो मावशी, हो मावशी' करतोस आणि पेशंट आला की ठेवून देतोस. म्हणून लिहायला बसले. पूर्ण वाच, मधलं गाळू नकोस.

परवा अमळनेरला लग्नाला गेले होते. पंगतीत शेजारी एक बाई होती, मी तुझी कोण हे तिला ठाऊक नव्हतं. वरण-बट्टी कालवता कालवता सांगत होती, हायवेवर तो नवा डॉक्टर बसतो ना, त्याच्या दारात रात्री पिकअपमधून एक माणूस आणला, मोटारसायकलवरून पडलेला, रक्तानं भरलेला. वरच्या मजल्यावरून आवाज आला, 'पोलीस केस आहे, धुळ्याला सिव्हिलला न्या.' गेट काही उघडलं नाही म्हणे. हायवेवर वरच्या मजल्यावर राहणारा नवा डॉक्टर मला एकच माहीत आहे. पुढचा घास गिळवेना.

दुसऱ्या दिवशी सिव्हिलला आमच्या जुन्या वॉर्डातल्या सिस्टरला विचारलं. माणूस आला होता, मांडीचं हाड मोडलंय, ऑपरेशन झालं, जेवतोखातो. ऐकून हायसं वाटलं. पण तो वाचला म्हणून माझा प्रश्न मिटला असं नाही. तू खाली उतरला होतास का, एवढंच मला कळायला हवं.

लोक तिखटमीठ लावतात हे मला सांगायला नको. उतरला असशील, नाडी बघितली असशील, पट्टी बांधली असशील आणि मग धुळ्याला पाठवलं असशील, तर हे पत्र फाडून टाक आणि मावशीला दोन शिव्या दे. मी आनंदानं खाईन. नसशील उतरला, तर पुढचं वाच.

तू म्हणशील, प्रायव्हेट डॉक्टरला पेशंट नाकारायचा हक्क आहे. आहे की. मेडिकल कौन्सिलच्या 2002 च्या नियमांतच आहे, मागेल त्या प्रत्येकावर उपचार करायला डॉक्टर बांधलेला नाही. पण इमर्जन्सी असेल तर बघावंच लागेल, हेही त्याच नियमांत आहे. गुडघेदुखीवाला, उगाच हुज्जत घालणारा, त्याला खुशाल सांग दुसरीकडे जा म्हणून. एकदा हाती घेतलेला पेशंट सोडायचा झाला तर आधी सांगून, दुसरा डॉक्टर गाठायला वेळ देऊन सोड. आपल्या आवाक्यातलं नसेल तर पुढे पाठव, त्याचीही मुभा आहे. पण रक्त वाहत असलेल्या माणसाला गेटवरून वाट दाखवायची मुभा कुठल्या पानावर आहे, ते मला दाखव.

आणि 'पोलीस केस' हे शब्द तुझ्या तोंडी आले कुठून? तुझ्या जन्माआधीच ते निकालात निघालेत. गोष्ट सांगते. स्कूटरवाल्याला गाडीनं उडवलं, जवळच्या हॉस्पिटलात नेलं, तिथे सांगितलं की आम्ही मेडिको-लीगल केस घेत नाही, वीस किलोमीटरवर दुसरं हॉस्पिटल आहे तिथे न्या. तो वाटेतच गेला. पेपरातली ती बातमी घेऊन परमानंद कटारा सुप्रीम कोर्टात गेले. 1989 सालचा निकाल आहे: डॉक्टर सरकारी असो की खाजगी, आधी जीव वाचवायचा, पोलिसांचे सोपस्कार नंतर. पुढे मोटार वाहन कायद्याच्या 134 व्या कलमातही तेच घातलं, कागदपत्रांसाठी न थांबता जखमीवर लगेच उपचार करणं हे डॉक्टरचं कर्तव्य. तुझा दवाखाना तर हायवेलाच लागून आहे.

त्या निकालाच्या आधीचे दिवस मी बघितलेत. नवीन नोकरी, एक खाजगी नर्सिंग होम, नाव लिहीत नाही. मळणी यंत्रात हात गेलेला पोरगा आणला होता, बापानं धोतराचा सोगा फाडून हाताला गुंडाळलेला. आमचे डॉक्टर वाईट नव्हते रे, पण तेव्हा सगळ्यांच्याच डोक्यात तेच बसलेलं: 'आधी चौकीत जाऊन या.' मी ड्रेसिंगचा ट्रे घेऊन उभी होते. बापानं एकदा त्यांच्याकडे बघितलं, एकदा माझ्याकडे, आणि पोराला घेऊन गेला. मी ट्रे परत नेऊन ठेवला. त्या पोराचं पुढे काय झालं ते कळलं नाही. चौकशी करता आली असती, गाव माहीत होतं. केली नाही. आजही यात्रेत-बाजारात एका हाताचा माणूस दिसला की त्याच्या वयाचा हिशेब करते.

असो. म्हणून विचारते, खाली उतरला होतास का?

नसशील, तर का नाही उतरलास हेही मला कळतं. मार्च 2017 तू विसरला नसशील, तेव्हा तू कॉलेजातच होतास. डोक्याला मार लागलेला पेशंट आपल्या धुळ्याच्या सिव्हिलला आणला. निवासी डॉक्टरनं नातेवाइकांना खरं तेच सांगितलं, इथे न्यूरोसर्जन नाही, दुसरीकडे न्यावं लागेल. त्यांनी त्या पोराला असा मारला की डोळ्याला जबर इजा झाली. राज्यभरचे निवासी डॉक्टर सामूहिक रजेवर गेले, प्रकरण हायकोर्टापर्यंत गेलं. तुझी आई तेव्हा रोज रात्री मला फोन करून रडायची, पोराला या धंद्यात घातलाच कशाला म्हणून. डॉक्टरांवर हात उगारला तर तीन वर्षांपर्यंत कैद, असा कायदा महाराष्ट्रात 2010 पासून होता. त्या पोराला तो त्या वेळी काय कामाला आला?

2023 च्या ऑगस्टात नवे नियम आले होते, शिवीगाळ-मारहाण करणाऱ्यांना डॉक्टर नाकारू शकेल असं त्यात होतं. तू मला मोठ्या उत्साहानं फॉरवर्ड केले होतेस. त्याच महिन्यात ते स्थगित झाले, हे मात्र पाठवलं नाहीस. आणि समज, ते लागू असते तरी पिकअपमध्ये बेशुद्ध पडलेला माणूस तुला कसली शिवी देणार होता?

त्या 2017 च्या पोराचंच बघ. त्यानं नकार दिला असं मी म्हणत नाही. तो कॅज्युअल्टीत पेशंटजवळ उभा होता आणि जे नव्हतं ते नाही म्हणाला. खिडकीतून बोललेलं 'सिव्हिलला न्या' आणि त्याचं बोलणं मी एका तागडीत घालणार नाही. उलटही असतं बरं का. जळगावला 2020 च्या जूनमध्ये त्या ब्याऐंशी वर्षांच्या आजीबाईंना कोणी दारातून परत पाठवलं नव्हतं, भरती करून घेतलं होतं. आठ दिवसांनी सिव्हिलच्याच संडासात त्यांचा मृतदेह सापडला. अधिष्ठाते निलंबित झाले.

तुझ्याकडे ना ऑपरेशन थिएटर ना रक्तपेढी, हे मला दिसतं. तुझ्याकडून कोणी मांडीचं हाड जोडून मागत नाही. श्वास चालू आहे का बघ, तोंडातलं रक्त काढ, मान हलू देऊ नको, रक्त येतंय तिथे दाबून पट्टी बांध, एक सलाईन लाव. 108 ला फोन कर. रेफर चिठ्ठीवर वेळ, बीपी, नाडी, बाहुल्या कशा होत्या आणि तू काय काय दिलंस ते वाचता येईल अशा अक्षरात लिही, एक प्रत स्वतःकडे ठेव. सिव्हिलच्या कॅज्युअल्टीला आधी कळव. पोलिसांना इंटिमेशन कंपाउंडर देईल. हे सगळं मी तुला शिकवावं म्हणजे कमालच, गोल्ड मेडल तुझं आहे. पण अशा चिठ्ठ्या हातात घेऊन आलेले पेशंट मी आयुष्यभर उतरवून घेतलेत. पाठवणाऱ्यानं हात लावलाय की नाही ते स्ट्रेचरवरच कळायचं.

रात्री एकटा उतरू नकोस. समोरच्या धाब्यावरच्या पोरांशी ओळख ठेव, बेल वाजली की दोघे जण आले पाहिजेत. गेटवर कॅमेरा बसव, पैसे मी देते. पेन्शन कशासाठी आहे? सूनबाईला सातवा महिना, वर तिला एकटीला ठेवून रक्तानं माखलेल्या अनोळखी माणसांत उतरायचं, हे सोपं नाही. लिहायला बसले तेव्हा हे डोक्यात नव्हतं, रागच होता. आता वाटतं, तू खिडकीत उभा असशील तेव्हा तुझेही पाय लटपटत असतील. लहानपणी कोंबडी कापताना बघून तू दोन दिवस जेवला नव्हतास. तरी डॉक्टर झालास.

तुझ्या आईला यातलं काही कळवलेलं नाही, तूही बोलू नकोस. सोमवारच्या एसटीनं येते. कळण्याचं पीठ आणि बिबडे आणते, सूनबाईला तिखट चालतंय का ते विचारून ठेव, म्हणजे ठेचा त्या हिशेबानं करीन. आल्यावर त्या रात्रीचं मी काही विचारणार नाही. तू आपणहून सांगितलंस तर ऐकेन, नाही तर दोघं मिळून कॅमेरेवाल्याकडे जाऊन येऊ.

तुझी,
मावशी