ठरवण्याआधी विचारावे



कामाच्या ठिकाणी निर्णयात सहकाऱ्यांना सामील करून घेणे म्हणजे प्रत्येक गोष्टीवर मतदान घेणे नव्हे. निर्णयाचा भार ज्याच्या अंगावर पडणार, त्याचे म्हणणे निर्णय होण्याआधी ऐकून घेणे, एवढाच त्याचा अर्थ. सगळे ठरल्यावर बोलावलेल्या बैठकीला चर्चा म्हणणे ही फसवणूक आहे, आणि कामगारांना ती लगेच कळते.

भारतात या विचाराला कायद्याचा आधार जुना आहे. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याने शंभर किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांत कार्यसमितीची तरतूद केली. तीत कामगारांचे प्रतिनिधी मालकाच्या प्रतिनिधींपेक्षा कमी असू नयेत, असेही बंधन घातले. १९७६ मध्ये ४२ व्या घटनादुरुस्तीने व्यवस्थापनातील कामगारांचा सहभाग मार्गदर्शक तत्त्वांत आला. पण कँटीन, गणवेश आणि बस यांपलीकडे विषय जाऊ दिले नाहीत, तर अशी समिती नावापुरतीच उरते. काम कसे करायचे, हा खरा विषय.

टोयोटाने तोच कामगाराच्या हाती दिला. जुळणीच्या लाइनवर ऑपरेटरच्या हाताशी दोरी असे. दोष दिसला की तो ती ओढी, फलकावर त्याच्या जागेचा दिवा लागे आणि गटप्रमुख तिथे पोचे. गाडी ठरलेल्या खुणेपर्यंत जाईतो अडचण सुटली नाही, तर लाइन थांबे. यात दोरीपेक्षा गटप्रमुखाचे येणे मोलाचे. त्याने येताच ‘कोणी थांबवली?’ म्हणून दरडावले, तर दुसऱ्या दिवशी दोरीला कोणी हात लावणार नाही.

नव्या सुपरवायझरने आधी सांगून टाकावे की सुरक्षेचे नियम आणि माल पाठवण्याची तारीख चर्चेला नाहीत. जॉब बसवण्याची पद्धत, हत्यारांची जागा, कामाची वाटणी मात्र आहे. बैठकीत कंत्राटी कामगार सहसा गप्प बसतो, कारण बोलणे त्याला परवडत नाही. त्याला मशीनपाशी जाऊन विचारावे. सूचना नाकारली तर कारण त्याच माणसाला सांगावे. उत्तर न मिळालेला माणूस पुन्हा सुचवत नाही. अपघाताच्या वेळी अर्थातच एकट्याने ठरवावे लागते. विचारून घेतलेला निर्णय चुकला, तरी जबाबदारी सुपरवायझरचीच.

उदाहरणार्थ, जॉब पकडून ठेवणाऱ्या नव्या फिक्स्चरची ऑर्डर जाण्यापूर्वी रात्रपाळीच्या ऑपरेटरांशीही बोलणे व्हावे.

— मामा